सोंगक्रानचं तीर्थ

अर्विंग, टेक्सस
रविवार, संध्याकाळ

ती. मोठ्या आत्यास,

सिद्धेशचा साष्टांग नमस्कार. (माझ्या खोलीत पलंग आणि भिंत यांच्यामध्ये आठही अंगं मावत नाहीत, तेव्हा त्यातली दोन उधार समज.) तुझा गुडघा काय म्हणतो? समोरच्या देशपांडेबाईंशी बोलणं सुरू झालं की अजून अबोलाच चाललाय?

आधी कबुली देतो. हे पत्र मी चौदा दिवसांपूर्वी लिहायला हवं होतं. पहिल्या दिवशी पेन नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेन आणायला गेलो आणि वाटेत एकाचा ट्रेलर चिखलात रुतला होता, तो काढता काढता त्याच्याबरोबर ओक्लाहोमाच्या हद्दीपर्यंत जाऊन आलो. (तिथे पेनं मिळतात, पण आठवण राहिली नाही.) नंतर मात्र नुसती भीती वाटत होती. व्हॉट्सॲपवर चार ओळी टाकल्या असत्या, पण तू त्यातल्या चुका काढून परत पाठवतेस आणि वर लिहितेस की महत्त्वाचं असेल तर कागदावर लिही, फोनवर माणूस खोटं बोलतो. तर हे कागदावर.

मी सध्या भाजीची व्हॅन चालवतो हे बाबांनी तुला सांगितलं असेलच. (ॲन आर्बरचं सायकलींचं दुकान सोडलं. थंडीत ग्रीस गोठतं आणि आपणही.) बाबा म्हणतात, चौदाव्या वर्षी तुला अमेरिकेत आणला तो भाजीवाला करायला का? मी म्हणतो, तुम्ही दिवसभर मीटिंगमध्ये बसता, मी निदान कोथिंबीर तरी पोचवतो. तर अशीच कोथिंबीर आणि लेमनग्रास पोचवताना एका थाई रेस्टॉरंटच्या मागच्या दाराशी प्लॉय भेटली. ते तिच्या आईचं रेस्टॉरंट. तिने पहिल्याच दिवशी माझी तुळस परत केली. कोमेजली आहे म्हणाली. मी दुसऱ्या दिवशी ताजी नेली. असं दीड वर्ष चाललंय. आत्या, आता मुद्दा तुझ्या लक्षात आला असेल, तू चाळीस वर्षं शाळेत मुलांचे चेहरे वाचलेस. बाबांना सांगितलं, तर ते एवढंच म्हणाले, "मोठ्या ताईला विचार." वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी हा माणूस नवा फ्रिजसुद्धा तुला विचारून घेतो.

प्लॉयच्या घरी शेवटचा शब्द तिच्या आजीचा. आईच्या आईला ते याई म्हणतात. वय एक्क्याऐंशी, उंची पाच फूट नाही, पण त्या खोकल्या तरी स्वयंपाकघरातली सगळी माणसं हात थांबवतात. प्लॉय म्हणाली, सोंगक्रानला घरी ये, याई तुला पाहतील. सोंगक्रान म्हणजे त्यांचं नवं वर्ष. शब्द आपल्या संक्रांतीचाच सख्खा भाऊ, म्हणून मी देसी दुकानातून तिळगूळ घेतला. (जानेवारीचा उरलेला होता. एक वडी व्हॅनमध्ये पडली, तर चाकाखाली लावायला चालेल असा आवाज झाला.) तिथे काय करायचं हेही प्लॉयने मला नीट समजावलं होतं. पण ती सांगत असताना रस्त्यापलीकडे दोन माणसं एक अख्खं झाड मशीनमध्ये घालून त्याचा भुगा करत होती. असं दृश्य रोज दिसत नाही. मी फक्त "पाणी" आणि "हातावर" एवढे दोन शब्द ऐकले.

मागच्या अंगणात गेलो तर काय सांगू! चौरंगासारख्या टेबलावर बुद्धाची मूर्ती, मोगऱ्याच्या माळा, आणि पितळी वाडग्यात पाकळ्या घातलेलं सुगंधी पाणी. त्या वासाने माझी बुद्धी थेट तुझ्या देवघरात जाऊन बसली. तू मला आयुष्यभर पुष्कळ शिकवलंस, त्यातलं पक्कं बसलं ते एकच: देवाजवळ पाणी दिसलं की खाली बसायचं, डाव्या हातावर उजवा ठेवायचा, ओंजळ पुढे करायची, उभ्याने तीर्थ घ्यायचं नाही. याईंच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. (ती ह्यूस्टनच्या थोरल्या मामांची होती, ते ट्रॅफिकमध्ये होते, हे मागाहून कळलं.) मी बसलो आणि हात पुढे केला.

आत्या, तिथे उलटं असतं. लहानांनी गुडघ्यावर बसून मोठ्यांच्या हातांवर पाणी घालायचं, वर्षभराच्या चुकांची माफी मागायची, आणि मोठ्यांनी आशीर्वाद द्यायचा. मी थोरल्यांच्या रांगेत हात पसरून बसलो होतो! पण ही माणसं इतकी सभ्य की पाहुण्याला ऊठ म्हणायचं कुणाच्या जिवावर आलं. आधी प्लॉयचा एक आठ वर्षांचा भाचा आला, त्याने माझ्या हातावर पाणी घातलं. मी ते भक्तिभावाने प्यायलो आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. (चव अत्तराच्या दुकानासारखी.) पोरगं किंचाळलं, "ओ माय गॉड, ही ड्रँक इट!" मग हात जोडून, मान खाली घालून वाट बघत राहिलं. काहीतरी देणं भाग होतं. मी म्हणालो, "विद्यावंत हो, आणि निदान कॉलेज पूर्ण कर."

त्यानंतर रांगच लागली. पाचसहा मुलं, दोन मावश्या, एक साठ वर्षांचे टक्कल पडलेले काका. सगळ्यांना मी तुझ्या आवाजात "औक्षवंत व्हा" म्हटलं. प्लॉयची आई आली, तिला "अखंड सौभाग्यवती भव" दिलं, प्लॉयचे वडील मागे उभे राहून पाण्याची बादली भरत होते ते खूश दिसले. अगदी शेवटी प्लॉय. तिचे खांदे हलत होते. पाणी घालता घालता पुटपुटली, "गाढवा, पिऊ नकोस, पोट बिघडेल." आणि मान लववून आशीर्वादासाठी थांबली. आता सांग, तिला काय देणार? "तुला चांगला नवरा मिळो" म्हणालो आणि घाम फुटला.

मग याई हसायला लागल्या. आवाज नाही, नुसतं पोट हलत होतं. त्यांनी थाईत काही विचारलं, प्लॉयने सांगितलं, की याई विचारतात हा इतका मोठा आहे तर याच्या घरात याच्याहून मोठं कोण? मी छाती पुढे काढून म्हणालो, माझी मोठी आत्या. गणिताची मास्तरीण, नागपुरात राहते, तिच्यापुढे माझे वडील अजून चप्पल काढून उभे राहतात. (खरं सांगतो, इतक्या अभिमानाने मी अमेरिकेत कशाबद्दलच बोललो नव्हतो. ड्रायव्हिंग लायसन्सबद्दलसुद्धा.) याईंनी विचारलं, वय किती? मी म्हणालो, पासष्ट. मग खरं बोललो: गेली सोळा वर्षं पासष्ट.

याईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग हळूहळू बोलल्या, आणि प्लॉय तितक्याच हळू सांगत गेली. सात वर्षांपूर्वी त्यांची थोरली बहीण गेली. तेव्हापासून सगळे त्यांच्या हातावर पाणी घालतात, पण त्यांनी कुणाच्या हातावर घालावं असं कुणीच वर उरलं नाही. माफी मागायला माणूस नाही, डोक्यावर हात ठेवायला माणूस नाही. "तुझी आत्या माझ्याहून मोठी असेल तर तिचा आशीर्वाद मला आण. मग तुमच्या दोघांचं बघू." त्यांनी माझा तिळगूळ घेतला, कवळी काढून खिशात ठेवली आणि वडी चघळत बसल्या. एका मावशीने सणाच्या रीतीप्रमाणे माझ्या गालाला पांढरी पावडर फासली आणि ओळीतल्या सगळ्यांनी मिळून मला बादल्यांनी भिजवलं. मी भिजलेला, अत्तराने ढवळलेलं पोट धरून घरी आलो, पण ताठ मानेने आलो. अकरा जणांना आशीर्वाद दिले आत्या, आणि एकही तुझ्या शिकवणीबाहेरचा नव्हता.

देशपांडेबाईंना नमस्कार (बोलणं सुरू झालं असेल तर).

तुझा,
सिद्धेश

ता. क. शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने काढल्यास तरी पत्र परत पाठवू नकोस. उत्तर वेगळ्या कागदावर दे.

ता. क. २. उत्तरात बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल, फक्त तुझं जन्माचं साल लिही. खरं. शाळेच्या दाखल्यावरचं नको, बाबांना सांगितलेलं नको, देशपांडेबाईंना सांगितलेलं तर मुळीच नको. बाबांच्या आणि तुझ्या मध्ये सहा भावंडं आहेत, हिशेब मलाही येतो, पण आकडा तुझ्या तोंडून यायला हवा. मी कुणाला सांगणार नाही. फक्त एका बाईला सांगेन.

ता. क. ३. घोटाळा झाला. मी याईंना चौदा दिवसांपूर्वीच सांगून टाकलं होतं की पत्र पेटीत टाकलं. रेस्टॉरंट आणि देऊळ सोडून कुठेही न जाणाऱ्या याई आत्ता माझ्या दारात उभ्या आहेत! प्लॉयने गाडीतून आणलं. हातात तोच पितळी वाडगा, त्यावर प्लॅस्टिकचं झाकण. विचारतात, आत्याचं उत्तर कुठे आहे? टेबलावरचं हे पत्र त्यांनी पाहिलं. मराठी वाचता येत नसलं तरी ओली शाई कुणालाही कळते. आता माझ्या एकुलत्या एका खुर्चीत बसून म्हणताहेत, एक्क्याऐंशीव्या वर्षी पोस्टाची वाट कोण बघतं, फोन लाव. तुझ्याकडे सकाळचे साडेसहा, तुझा चहा झालेला असणार. पाणी माझ्या ओंजळीवर पडेल, ती ओंजळ तुझी समजायची आणि आशीर्वाद तू द्यायचास. आणि आत्या, त्या आणखी एक म्हणाल्या. तुझ्या वयाला एखाददोन वर्षं कमी पडत असली, तर त्या स्वतःची तेवढी उतरवायला तयार आहेत.

प्लॉय फोन लावतेय. रिंग जातेय. पेन ठेवतो, दोन्ही हात लागतील. या वेळी पिणार नाही.