सुटे भाग, अनावश्यक

३ फेब्रुवारी
सकाळी वाचनालयात जाऊन आलो. दुपारी हॉल साफ केला. स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले. प्रत्येकाच्या मागे चार स्क्रू, दोन वर, दोन खाली. वरचे-खालचे जोडायला दोन पितळी पट्ट्या, काळ्या पडलेल्या. वायर खालच्या स्क्रूंनाच येते, म्हणजे पट्ट्या निव्वळ शोभेच्या. मागच्या बाजूची शोभा बघणार कोण? काढल्या. एकूण चार. पाकिटात घालून वर लिहिलं, 'सुटे भाग, अनावश्यक. क्र. १४.' रजिस्टरला नोंद केली. एकतीस वर्षं आवक-जावक विभागात काढली आहेत. या घरात वस्तू नोंदीशिवाय हलत नाही.
संध्याकाळी मुलीचा फोन. वीस तारखेला येते म्हणाली. आईचा वाढदिवस, तिची ती कॅसेट ऐकू या. अवश्य म्हटलं.

४ फेब्रुवारी
कॅसेट लावून पाहिली. नवीन डेक आणला तेव्हा मी माइक तपासत होतो, त्याची ही कॅसेट. अकरा मिनिटं माझं 'हॅलो, एक, दोन, तीन.' मग ही आत येते, कप ठेवते आणि म्हणते, 'अहो एक-दोन-तीन, चहा ठेवलाय. गार करून प्या, नेहमीसारखा.' संपली.
ही जाऊन आठ महिने झाले. हिचा आवाज घरात एवढाच आहे. मी काही रोज ऐकत नाही. रविवारी एकदा. अधूनमधून मंगळवारी.
आज ही रजईच्या आतून बोलत होती. कप ठेवल्याचा आवाज तर आलाच नाही. मागच्या रविवारी स्वच्छ होता.
टेप जुनी आहे, झिजेल. दुरुस्ती होईपर्यंत लावायची नाही. मला विशेष काही वाटलं नाही. प्रश्न तांत्रिक आहे. चहा गार झाला.

६ फेब्रुवारी
इंटरनेटवर वाचलं. दोष क्रॉसओव्हरमध्ये. म्हणजे स्पीकरच्या पोटात एक पाटी असते, ती बारीक आवाज वरच्या छोट्या ट्विटरकडे आणि जाड आवाज खालच्या वूफरकडे पाठवते. म्हणजे आवक-जावकच! ट्विटरच्या टेबलावर टपाल पोहोचत नाहीये. माझाच विषय. दोन दिवसांचं काम.

९ फेब्रुवारी
डावा स्पीकर उघडला. क्रॉसओव्हरवरचा कपॅसिटर वाळतो असं वाचलं होतं. बघताक्षणी मला तो वाळलेला वाटला. नवीन आणून बसवला. सोल्डरिंग चांगलं जमलं, फक्त टेबलावर बशीएवढा डाग पडला. मुलीला दिसू नये म्हणून त्यावर फुलदाणी ठेवायचं ठरवलं. घरात फुलदाणी नाही. आणली.
आठ स्क्रू काढले होते, सात लागले. आवाज होता तसाच.

११ फेब्रुवारी
शंका नको म्हणून कान तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, कान वयाच्या मानाने उत्तम आहेत, काका. मग विचारलं, घरात बोलायला कोणी आहे का? मी म्हटलं, विषय स्पीकरचा आहे.

१३ फेब्रुवारी
तुलना एकाच आवाजावर व्हावी म्हणून कालच्या बातम्या दुसऱ्या कॅसेटवर भरून घेतल्या आहेत. शास्त्रशुद्ध पद्धत. दुपारी वरच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. म्हणाल्या, भाऊजी, सकाळपासून त्या पुलाचं उद्घाटन नऊ वेळा झालं, दहाव्यांदा असेल तर सांगा, टाळ्या वाजवायला आम्हीही येतो. त्यांना क्रॉसओव्हर समजावून सांगितला. गॅसवर दूध आहे म्हणून गेल्या.

१५ फेब्रुवारी
निर्णय झाला. बायवायरिंग. ट्विटरला वेगळी वायर, वूफरला वेगळी. दुकानदार म्हणाला, साहेब, घरच्या घरी ऐकायला कशाला एवढं? त्याला काय कल्पना!
आधी फक्त उजव्याला केलं. वरच्या स्क्रूंनाही वायर दिली. परिणाम भयंकर. निवेदिकेचा प्रत्येक 'स' फुसफुसतो, तिच्या हातातला कागदसुद्धा खडखडतो. शेजारी डावा किती सभ्य, मवाळ! उजव्याचा क्रॉसओव्हरही बिघडला हे उघड आहे. वरची वायर काढून टाकली. दोन्ही सारखे झाले. बरं वाटलं.
बायवायरिंग हे थोतांड आहे.

१८ फेब्रुवारी
मुलीचा फोन. बाबा, तुम्ही काही उघडून नाही ना बसलात? नाही म्हटलं. उघडलं होतं, पण आता बंद आहे, म्हणजे खोटं बोललो नाही. वीस तारखेला कॅसेट ऐकता येईल ना, असंही तिने विचारलं. मी म्हटलं, जवळजवळ.
नंतर दुरुस्तीवाल्याला फोन केला. मदत नको आहे, फक्त दुसरं मत.

२० फेब्रुवारी
मुलगी अकराला आली. आल्याआल्या फुलदाणी उचलली.
दुरुस्तीवाला बारा वाजता आला. मी त्याला कपॅसिटरपासून सांगायला सुरुवात केली, तर तो स्पीकरच्या मागे जाऊन बसला. तिथूनच विचारलं, काका, पट्ट्या कुठायत? मी म्हटलं, कसल्या पट्ट्या? तो म्हणाला, वायर खाली, ट्विटर वर, मधला जिनाच काढून घेतलाय कोणीतरी. ट्विटर बिचारा उपाशी बसलाय की!
मी म्हटलं, असं काही मूळचं नसावं. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि कपाटातून रजिस्टर काढलं. 'क्र. १४, पितळी पट्ट्या, चार, अनावश्यक.' मोठ्याने वाचलं. 'अनावश्यक' दोनदा वाचलं. दुरुस्तीवाला भिंतीकडे तोंड करून हसला. चार मिनिटांत काम झालं. बायवायरिंगबद्दल त्याला मी काही बोललो नाही.
कॅसेट लावली. अकरा मिनिटं माझं हॅलो. मुलीने टेप पुढे ढकलली नाही. मग दार वाजलं, कप बशीवर टेकला. त्यानंतर चमचा. साखर ढवळल्याचा आवाज आहे तिथे. तो माझ्या लक्षात राहिला नव्हता. मग ही बोलली. समोर उभी राहून बोलावं तशी.
मुलगी म्हणाली, बाबा, चहा गार करू नका म्हणून रोज सांगायची हो ती तुम्हाला. मी म्हटलं, तांत्रिकदृष्ट्या आता ठीक आहे. ती हसली, आणि बराच वेळ डोळे पुसत बसली.
पाचच्या बसने गेली.
रजिस्टरमध्ये क्र. १४ निकाली काढला. क्र. १५ ची नोंद केली: स्क्रू, एक, डाव्या स्पीकरचा, सापडत नाही. मग चहा केला. साखर घालून ढवळला. गरम होता तोवरच प्यालो.