खोटं प्रमाणवजन

ती. स्व. ताईंना,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमची सर्दी आता गेली असेल. (मागच्या वेळी फोनवर तुम्ही दोनदा शिंकलात, मी इकडे फोन पुसून ठेवला.) गुडघे काय म्हणतात? आम्ही बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

तुम्ही येते म्हणता आणि मी नको म्हणतो, याचा राग धरू नका. केमोमुळे तुमच्या धाकट्या बहिणीच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, आणि अंगाचा पहारा तर त्याच करतात. तीन हजारांच्या खाली गेल्या की पुढचा डोस लांबतो, आणि साधा ताप आला तरी जिवाला घोर. म्हणून हॉस्पिटलाने घरीच मोजायला चष्म्याच्या घराएवढं एक यंत्र दिलंय. बोट टोचायचं, थेंब पट्टीवर घ्यायचा, पट्टी आत सरकवायची, की आकडा उमटतो. हिचा आला तीन हजार चारशे. ही म्हणाली, "झालं, आता चहा टाका." पण ताई, माझी उभी हयात वजनमापे निरीक्षक म्हणून गेली. काटा दाखवतो तेच खरं मानायचं असतं, तर सरकारने मला पगार कशाला दिला असता? आधी काट्यावर प्रमाणवजन ठेवायचं, म्हणजे ज्याचं वजन पक्कं ठाऊक आहे असं, आणि मगच काट्यावर विश्वास. आता पेशींचं प्रमाणवजन कुठून आणायचं? घरात धडधाकट माणूस एकच, तो म्हणजे मी.

माझं बोट टोचलं. चौदा हजार आठशे! (निरोगी माणसाच्या फार तर अकरा हजार, असं माहितीपत्रकातच छापलंय.) दुसरं बोट टोचलं, तिसरं टोचलं, यंत्र हट्टाला पेटलेलं. म्हणजे सरळसरळ मापात पाप! मी लगेच हिशेब मांडला. मागच्या तपासणीत माझ्या सात हजार चारशे होत्या, त्या दुप्पट दाखवतंय, तर हिच्याही दुप्पटच दाखवत असणार. म्हणजे हिच्या खऱ्या पेशी सतराशे. मी खिडक्या लावल्या, दारांच्या कड्या साबणाने धुतल्या, वर्तमानपत्राला इस्त्री केली. ही म्हणाली, "अहो, मला बरं वाटतंय." मी म्हटलं, बरं वाटण्याला माप नसतं. हॉस्पिटलात जाताना टॅक्सीत तिचा हात घट्ट धरून बसलो होतो. मग हातावरचे जंतू आठवले आणि सोडला. तिने परत धरला. ताई, मी फार घाबरलो होतो.

हॉस्पिटलच्या मोठ्या यंत्रावर हिच्या पेशी तीन हजार तीनशे भरल्या. म्हणजे आमचं यंत्र चोख. नर्सबाईंनी माझा आकडा ऐकला, माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "काका, हा गाल कधीपासून सुजलाय?" मी म्हटलं, दाढ जराशी ठणकते, त्याचा इथे काय संबंध? त्या म्हणाल्या, "दाढेत पू झाला असेल, म्हणून पेशी वाढल्यात. बिघाड यंत्रात नाही, तुमच्यात आहे." आयुष्यभर दुकानदारांची खोटी वजनं जप्त केली, आणि शेवटी सापडलो मीच. मास्क लावा, हात धुवा आणि दाढ दाखवून घ्या, एवढंच त्या म्हणाल्या. पण मी आपण होऊन बाहेरच्या खोलीत बदली करून घेतली. मधल्या दाराला काच आहे. ही तिथून यंत्र दाखवते, मी चष्मा लावून आकडा वाचतो.

घरातल्या सर्वांना नमस्कार, शिंकणाऱ्यांना लांबून.

तुमचा धाकटा मेहुणा

ता. क. सर्दी पूर्ण गेली असेल तर याच. हिच्याजवळ कोणीतरी बसायला हवं. काचेतून हात धरता येत नाही.

ता. क. ताई, हे अक्षर माझं. पत्ता घालायला त्यांनी पत्र दाराखालून सरकवलं. तू ये, पण माझ्याजवळ बसायला नको. दातांच्या डॉक्टरकडे जा म्हटलं की, "तुला एकटीला टाकून कसा जाऊ?" खरं म्हणजे पकडीला भितात. माझ्या प्रत्येक सुईच्या वेळी शेजारी उभे होते, डोळे गच्च मिटून. दातांच्या दवाखान्यातल्या गर्दीत मला जाता येत नाही, नाहीतर मीच गेले असते. तू जा आणि त्यांचा हात धर. आज माझ्या तीन हजार शंभर आहेत. उद्या डोस लांबला तर लांबला, पण घरात एक वजन तरी पक्कं हवं.