गाळलेलं वाक्य

प्रिय छोट्या,

हसशील तू. दोन गल्ल्या सोडून राहणारी ताई पत्र कसलं लिहिते! पण जेवायला समोर बसलास की तू बोलत राहतोस आणि मी वाढत राहते. म्हणून लिहिते आहे. मध्येच फाडू नकोस.

आमच्या चर्चमध्ये चार भाषांच्या चार मंडळ्या एकत्र जमतात. 'फुकट्या चहाची टोळी' म्हणतोस तू त्यांना. परदेशातून आलेल्या कामगारांना आम्ही रविवारी व्हॅनने आणतो, स्तोत्र चारही भाषांत वाचतो, मग कुणीतरी उभं राहून आपल्या आयुष्याची साक्ष देतं. त्यांच्या हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात काम करताना मी शिकलेली त्यांची भाषा मी आपल्या भाषेत आणते आणि माझं ऐकून बाकीचे दोघे दुभाषी आपापल्या मंडळीला सांगतात. पाळकसाहेबांचा नियम एकच. 'तो म्हणतो' असं म्हणायचं नाही, 'मी' म्हणायचं.

गेल्या रविवारी तुमच्या लाँड्रीतला उंच इस्त्रीवाला उभा राहिला. जबडा तारेने बांधलेला, उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये. दातांच्या फटीतून तो एकेक वाक्य बोलला आणि मी बाईमाणूस त्याच्या तोंडचं बोलत गेले. मी हॉस्पिटलच्या चादरी दाबत होतो. उभ्या उभ्या माझा डोळा लागला. मुकादमाने लोखंडी नळी माझ्या तोंडावर मारली. दोन दात मी गिळले. मग त्याने माझा हात वाफेच्या प्रेसखाली धरला आणि पेडल दाबलं. हात सुटला तेव्हा कातडी चादरीला चिकटून राहिली. तो दहापर्यंत मोजत होता.

ते मोजणं मला ओळखीचं होतं रे. बाबा पट्टा उगारायचे तेव्हा असंच मोजायचे. मी तुला पलंगाखाली ढकलायचे आणि वर मी एकटी उरायचे. एकदा तू मला सोडवायला बाहेर आलास. सहा वर्षांचा एवढासा जीव, आणि पट्ट्याचं बक्कल तुझ्या डाव्या भुवईवर बसलं. रक्त मी माझ्या फ्रॉकने पुसलं. त्या जागी अजून केस येत नाहीत. मार कसा चुकवायचा ते तुला मीच शिकवलं, मारू नये हे शिकवायचं राहून गेलं.

तुम्ही मुकादम चौघे, चौघांनाही टोपी आणि मास्क. नवीन माणसाला कोण कोण ते कळत नाही. इस्त्रीवाला एवढंच म्हणाला, मारणाऱ्याची डावी भुवई मधोमध तुटलेली आहे. दोघे दुभाषी माझ्या तोंडाकडे बघत राहिले. ते वाक्य मी गाळलं आणि पुढचं बोलले.

इतका संताप आला होता की तीच नळी घेऊन तुझ्या दारात यावं आणि तुझे दात पाडावेत असं वाटलं. लोक म्हणतील, खाण तशी माती. मग मी कुठल्या खाणीतली? आणि पाप माझंही आहे. तुझा इस्त्रीवाला रविवारी कामाच्या तासांबद्दल बोलणार आहे, हे तुला जेवताना मीच सांगितलं होतं. डोळा लागला हे नुसतं निमित्त.

गुरुवारी अकरा वाजता पोलीस ठाण्यात त्याचा जबाब घेणार आहेत आणि दुभाषी मी आहे. मी तुझी कोण हे त्याला माहीत नाही. त्याआधी तू स्वतः जा. मी सोबत येईन, लहानपणी शाळेत सोडायचे तशी हात धरून. नाही गेलास तर ते वाक्य पुन्हा येईल आणि या वेळी मी ते गाळणार नाही. साहेब विचारतील, असा माणूस कुणाच्या ओळखीचा आहे का. तेव्हा मी इस्त्रीवाल्याच्या वतीने नाही, माझ्या स्वतःच्या तोंडाने बोलेन.

काहीही झालं तरी तुझीच,
ताई