कशाला हो म्हटलं

कोडोली,
१३ जुलै २०२५

ताईस स्वप्नालीचा नमस्कार. दाजींनाही सांग.

घनसाळ तांदूळ पोचला. सासूबाई म्हणाल्या, "भात शिजतोय हितं आन् वास जातोय गल्लीच्या टोकाला!" म्हैस व्याली, रेडी झाली. पत्र बघून हसशील तू, पण फोन घेतला की घरातले सगळे कान लावून बसतात आणि हे मला त्यांच्या देखत बोलवत नाही.

तू दर वेळी विचारतेस, "कानाचं मशीन लावल्यापासनं नंदू बोलती का गं?" मी म्हणते, "बोलंल की." नाही बोलत माझी पोर, ताई. आता बोलणं अवघड आहे, असं डॉक्टर म्हणाले.

कानाचं मशीन शिबिरात मिळालं तेव्हा नंदू तीन वर्षांची होती. देणारा म्हणाला, "महागाचं हाय, जपा." जपण्यात आपण कधी कमी पडलोय? सासूबाईंनी ते डबीत घालून कपाटात माझ्या गंठणाशेजारी ठेवलं. लग्नाला, जत्रेला नंदूच्या कानात, घरी आलं की परत डबीत. बोलणं यायचं तर ते दिवसभर कानात पाहिजे, हे पहिल्यांदा स्नेहल मॅडमनी सांगितलं. तोवर पोरगी दुसरीत गेलेली.

अशा मुलांच्या त्या शिक्षिका. चांगल्या आहेत गं, पण निम्म्या तालुक्याच्या शाळा त्यांच्या एकटीच्या गळ्यात. महिन्यातून एकदा एसटीने यायच्या, तासभर नंदूजवळ बसायच्या, की पुढची शाळा. बाकीचे दिवस नंदू फळ्यावरचं सुंदर अक्षरात उतरवून काढायची. अर्थ एकाही शब्दाचा माहीत नाही. मी जोतीराम गुरुजींशी भांडायला गेलते, तर तेच हात जोडून म्हणाले, "वहिनी, पोरगी हुशार हाय. पर हिला कसं शिकवायचं, ते मला तरी कुणी शिकिवलंय? दोन वर्ग हायत माझ्याकडं." काय भांडणार?

मी तुला सांगितलं, नंदूला कोल्हापूरच्या शाळेत घातलं. तुला वाटलं, रोज वडापच्या जीपनं जात असेल. तसं नाही. मूकबधिरांच्या शाळेत तिला राहायला ठेवलंय, जूनपासून. मॅडमनीच सुचवलं. सासूबाई आजून माझ्याशी धड बोलत नाहीत. "आठ वर्साची पोर भायेर ठेवतीस व्हय गं?" एवढंच म्हणाल्या. हे उठून गोठ्यात गेले. शेवटी सही मीच केली.

गेल्या रविवारी पहिली भेट होती. वाटलं, गळ्यात पडून रडेल. ही अंगणात पोरींच्या घोळक्यात! हात नुसते भराभर चाललेले, आणि हसणं तर पोट धरून. माझ्या घरात आठ वर्षांत ती एवढं बोलली नव्हती. मला बरं वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, रागही आला.

मग डबा खाल्ला, वेणी घातली. निघताना तिनं हातानं मला काहीतरी विचारलं. कळलं नाही. परत विचारलं. आजूबाजूला बघितलं, तर खुणा कळणाऱ्या तिथल्या बाई दुसऱ्या पालकांत अडकलेल्या. नंदूनं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं आणि सावकाश, एखाद्या मठ्ठ पोराला सांगावं तसं, पुन्हा हात हलवले.

मी मान डोलावली. हो म्हटलं.

काय खुलली गं ती! पळत जाऊन सगळ्या पोरींना सांगून आली.

घरी येऊन मी तिथल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "पोरी दिवसभर कायबाय विचारतात, मी बघितल्याबिगर कसं सांगू?" ही खुणांची भाषा आई-बापाला कुठं शिकायला मिळते, तेही विचारलं. पालकांचा वर्ग घ्यायला माणूसच नाही म्हणे, जागा भरलेली नाही. तुझ्या आजऱ्यात कुणाला येत असेल तर बघ. मी एसटीने येऊन शिकेन.

कशाला हो म्हटलं मी, ताई? घरी नेते म्हणून? रोज येते म्हणून? पुढची भेट महिन्यानं आहे. तोवर ती वाट बघणार, आणि कशाची, ते मला ठाऊक नाही.

तुझी,
स्वप्ना