तापाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट

चिमणे,

उठलीस की आधी आजीला आतल्या खोलीत ने. माझ्या पेल्याला कुणी हात लावू नका. मला चार दिवस ताप आहे. नुसती दमलेय म्हणाले, ते खोटं होतं.

आजारपणाच्या सुट्टीचा पगार कापतात, म्हणून रोज गोळी घेऊन बाळ सांभाळायला गेले. मॅडम दारातच कपाळावर यंत्र धरतात, तोवर ताप उतरलेला असायचा.

आत्ता त्यांचा फोन आला. बाळ तापलंय. फोन चालू असतानाच तिथल्या डॉक्टरांना त्या म्हणाल्या, "मावशी ठणठणीत आहेत, मी रोज तपासते." मी तसाच फोन ठेवला.

रिकामं पाकीट घेऊन निघालेय. दाराबाहेरूनच सांगेन. मला बघून बाळ झेप घेईल. त्याला आज घ्यायचं नाही.

आई