नटावरची पिवळी रेघ

बाबा, तुमच्या नातीने, माझ्या पोरीने, जुनी टर्बो गाडी घेतली आहे, इंजिनात जास्तीची हवा कोंबणारी. आज सकाळी आपल्या हिंगण्याच्या गॅरेजात तिचं बॉनेट उघडलं, तर टर्बोच्या नळीत माशांच्या टाकीला लावतात तो प्लास्टिकचा कॉक. स्वस्तात प्रेशर वाढवायचा हा उद्योग तिने मोबाइलवर पाहून केलेला. गाडी चालू केली तर गेजचा काटा लाल पट्ट्यात. मी ओरडलो. "बाबा, थोडंसंच तर फिरवलं, काहून एवढे घाबरून राहिले?" ती मला म्हणते. दुपारी तिला मैत्रिणींना घेऊन अमरावती रोडला जायचं आहे. मी चावी काढून खिशात घातली.

तुम्ही टर्बोचा, हवेचा दाब ठरवणारा नट एकदा बसवला की त्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायचे; कोणी नट फिरवला तर रेघ तुटायची. "हे माही जबान आहे," म्हणायचे. आपले एक गिऱ्हाईक, हुडकेश्वरचे वकील, त्यांना गाडीत जास्त जोर हवा होता. तुम्ही साफ नकार दिलात. मी हट्ट धरला, तर माझ्यावरच उखडलात, "हवा वाढवशीन, पेट्रोल कोन वाढवन गा? पिस्टन वितळते." मग तुम्ही लग्नाला नरखेडला गेलात आणि मी, चांगला पंचविशीचा घोडा, वकिलांसमोर शहाणपणा मिरवायला नट दोन फेरे आवळला. तुटलेली रेघ पुसून तुमच्याच डबीतल्या रंगाने नवी ओढली. आठवड्याभरात भर रस्त्यात इंजिन बसलं, मागून ट्रकने ठोकलं. वकील वाचले, पण उजवा हात कायमचा अधू झाला. गाडी ओढून आणली तेव्हा तुम्ही वाकून नट पाहता, रेघ शाबूत. मग वकिलांच्या भावाला म्हणता, "चूक माही आहे साहेब. खूण माही आहे." मी शेजारी फडकं घेऊन उभा होतो. त्यानंतर तुम्ही टर्बोला हात लावला नाही, आणि लोक म्हणायचे, म्हाताऱ्याच्या हातचं कसब गेलं. मला ते ऐकताना लाज वाटायची आणि तरी मी गप्प राहायचो.

पोरगी बाहेर पायरीवर रुसून बसली आहे. चावी मागायला आली तेव्हा तिने विचारलं, "तुम्ही कधीच नाही केलं का असं काही?" मी नाही म्हणालो. तुम्ही आता नाही, तुमच्यापर्यंत हा कागद पोचायचा नाही, तिच्यापर्यंत मात्र दहा पावलं आहेत. लिहून झाला की तो घडी करून खिशात ठेवीन, चावीशेजारी, आणि मी अजून खुर्चीतून उठलेलो नाही.