शनिवारची तालीम

प्रिय खडूस,

कागदावरचं पत्र पाहून दचकू नकोस. आपल्या डेटाबेसवाल्यांच्या ग्रुपवर तू फिरकत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून ग्रुपमधल्या आपल्या गोगलगायीच्या मागे लागून तुझा पत्ता मिळवला. त्याने कधीतरी तुला जुना कीबोर्ड पाठवला होता ना, तेव्हापासून त्याच्याकडे पत्ता होता. डेटाबेसला विचारलेली ज्याची एक क्वेरी सुरू केली की उत्तर येईपर्यंत माणूस चहा पिऊन, कप विसळून परत येतो, त्याने पत्ता मात्र क्षणात काढून दिला. तुझी नोकरी गेली आणि तू डेटाबेसचं काम कायमचं सोडून मेहुण्याच्या रंगाच्या दुकानात बसायचं ठरवलंस, हेही त्याच्याकडूनच कळलं; त्याचा फोन तेवढा तू उचलतोस. दुकान चांगलंच असेल. पण तू तिथे बसू नयेस असं मला फार मनापासून वाटतं, आणि का वाटतं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मी ग्रुपमध्ये आले तेव्हा हॉस्पिटलात नवी होते. सगळ्या नोंदी सांभाळणारी मी एकटी. मोठ्या ऐटीत मी विचारलं होतं की आमचा बॅकअप रोज नेमाने होतो, तर जुने किती दिवस ठेवावेत? सगळ्यांनी सभ्यपणे उत्तरं दिली. तू उलट विचारलंस, परत आणून पाहिला आहेस का कधी? मी म्हटलं, नाही. त्यावर तुझं उत्तर आलं की मग तो बॅकअप नव्हे, ती श्रद्धा. असा संताप आला म्हणून सांगू! कोण हा दीडशहाणा? तुझं नाक खाली करायचं म्हणून दुसऱ्या दिवशी एका रिकाम्या मशीनवर मी तो बॅकअप परत आणून पाहिला. माझ्या आधीच्या माणसाने लावून दिलेल्या त्या बॅकअपमध्ये टेबलांची नुसती नावं होती, आत एकही ओळ नव्हती. ग्रुपवर येऊन कबूल केलं तेव्हा वाटलं, आता हा माणूस माझी पार सालटी काढणार. तू त्या दिवशी एकही कोटी केली नाहीस. सगळं नीट लावून होईपर्यंत माझ्यासोबत ऑनलाइन बसून राहिलास, आणि काम फत्ते झाल्यावरच माझं नाव श्रद्धाळू ठेवलंस.

तुझी हीच गोष्ट मला आवडते. जो अडचणीत आहे त्याच्यावर तू कधी हसत नाहीस, अडचण टळली की मात्र सोडत नाहीस. आणि तुझे विनोद नुसते विनोद नसतात, त्यातून आम्ही शिकलो. गोगलगाय एकदा रडकुंडीला आला होता की दोन्हीकडे नल आहे, म्हणजे रकाना कोराच आहे, मग ते जुळत का नाही? तू लिहिलंस, सासऱ्यांना चहा घेणार का विचारलं की ते गप्प बसतात. ते गप्प बसणं म्हणजे हो नव्हे, नाहीही नव्हे, आणि कालचं गप्प आणि आजचं गप्प एकच आहे असं समजून चाललात तर फसलात. पुस्तकं वाचून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते तुझ्या सासऱ्यांनी एका कपात शिकवलं. एकमेकांसाठी अडून बसलेल्या दोन प्रोग्रामना तू रुसलेले साडू म्हणायचास, दुसऱ्याने आधी बोलावं म्हणून दोघेही ताटावर थांबलेले. मी विचारलं, मग करायचं काय? तू म्हणालास, एकाला उठवून घरी पाठवायचं, तो परत येतोच.

आणि शनिवारची तालीम. ती तर तुझीच टूम. दर शनिवारी प्रत्येकाने आपला बॅकअप दुसऱ्या मशीनवर परत आणायचा, दोनचार नोंदी उघडून बघायच्या आणि ग्रुपवर तालीम झाल्याची वर्दी द्यायची, तीही विनोदासकट. कोणी दांडी मारली की तू त्याची अशी काही खेचायचास की पुढच्या शनिवारी तो सकाळीच हजर. मी कितीदा कंटाळून म्हटलं असेल, काय हा जाच!

गेल्या बुधवारी सकाळी आमची डिस्क बसली. वॉर्डातल्या पडद्यांवरून औषधांच्या नोंदी गायब; कोणाला काय द्यायचं, कोणाला काय चालत नाही, काहीच दिसेना. सिस्टर धावत आल्या आणि एवढंच म्हणाल्या, दुपारच्या औषधांपर्यंत होईल का? माझ्या तोंडून निघून गेलं, होईल. दुसऱ्या मशीनवर बॅकअप परत आणायला बसले आणि माझं मलाच नवल वाटलं की बोटं आपोआप चालताहेत. अरे, हे तर मी दर शनिवारी करते! दुपारची औषधं वेळेवर गेली. नंतर दुपारच्या पाळीला आलेल्या दुसऱ्या सिस्टर जाता जाता म्हणाल्या, आज कॉम्प्युटर जरा आळसावलाय नाही? मी हो म्हटलं आणि जिन्यात जाऊन मनसोक्त रडले. रडताना तुझीच आठवण आली.

तू मध्यंतरी विचारलं होतंस की नोकरीच्या अर्जात उल्लेखनीय कामगिरीचा रकाना आहे, त्यात काय लिहू, माझ्या हाताखाली कधी काहीच घडलं नाही, असं लिहू? आम्ही तुटून पडलो. गोगलगाय म्हणाला, नल टाक. मी हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावली. तूही हसलास. आम्हां लोकांची ही खोडच आहे, जो रोज हसवतो त्याचं दुखणंही आम्ही गमतीत जमा करतो. तुझ्या साहेबाने, तुमच्या विभागात काही होतच नाही तर माणूस कशाला, असं म्हणून तुला काढलं हे आम्हाला कुठे ठाऊक होतं? काही होत नाही म्हणजे काय रे? कोणीतरी रोज ते होऊ देत नाही, म्हणून होत नाही. त्या साहेबाला हे कळलं नाही. निदान तुला तरी कळावं.

आता खरं सांगते. इथवरचं सगळं पत्र आज सकाळी आमच्या मोठ्या डॉक्टरबाईंनी वाचलं आहे, तुझ्या सासऱ्यांच्या चहासकट. बुधवारनंतर त्यांनी माझ्या जोडीला आणखी एक माणूस मंजूर केला. मी तुझं नाव सांगितलं, तर म्हणाल्या, शिफारस लेखी दे. ऑफिसच्या भाषेत लिहायला बसले, सदर व्यक्तीस मी ओळखते, आणि पुढे पेन हलेना. तुला मी पाहिलेलंसुद्धा नाही. रस्त्यात समोरून आलास तर बाजूला होऊन वाट देईन. म्हणून म्हटलं, जे आहे ते तुलाच लिहावं आणि प्रत बाईंना द्यावी. न विचारता केलं, रागाव हवं तर. वाचून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, हे गृहस्थ कधीपासून येऊ शकतील? मी म्हटलं, त्यांनाच विचारा. पत्र पोहोचल्याचं गोगलगायीने तुला विचारून कळवलं की त्या तुला फोन करतील. नंबर अनोळखी दिसेल. दुकानात असलास तर गिऱ्हाईकाला थोडं थांबव, पण उचल.

वाट बघणारी, तुझीच,
श्रद्धाळू